ॲव्हरोच्या जागी सी-२९५ आले. आता प्रश्न एएन-३२चा



संरक्षणाचा विषय निघाला की आपल्याकडे चर्चा होते ती राफेलची, तेजसची, क्षेपणास्त्रांची. आज मी मालवाहू विमानांबद्दल बोलणार आहे. ही विमानं बॉम्ब टाकत नाहीत, त्यामुळे बातमीत येत नाहीत. मी पायदळातला माणूस. पण सीमेवरच्या पलटणीला विचारलं की तुम्हाला हवाई दलाकडून सगळ्यात आधी काय हवं, तर पुष्कळदा उत्तर येईल: रसद वेळेवर पोहोचवा आणि जखमी जवान वेळेत खाली न्या.

थोडा इतिहास आठवू या. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी दिल्लीहून निघालेल्या डाकोटा विमानांनी १ शीख पलटणीचे जवान श्रीनगरला उतरवले. त्या दिवशी ती विमानं उतरली नसती, तर श्रीनगर राहिलं असतं की नाही, सांगता येत नाही. ११ डिसेंबर १९७१ रोजी बांगलादेशात टांगाईलजवळ आपले छत्रीधारी सैनिक उतरले. ही होती २ पॅरा, म्हणजे पूर्वीची मराठा पलटण. डाकोटा, पॅकेट, एएन-१२ आणि कॅरिबू अशी मिळतील ती विमानं त्या कामाला लावली होती. याच पलटणीचे जवान १६ डिसेंबरला ढाक्यात सर्वांत आधी शिरलेल्या तुकड्यांमध्ये होते. आणि २०२० मध्ये गलवाननंतर हजारो जवान, रणगाडे आणि तोफा लडाखमध्ये पोहोचवल्या, त्याही हवाई मार्गाने. पायी किंवा ट्रकने गेलो असतो, तर चीनने आपली वाट पाहिली नसती.

आता मुख्य विषयाकडे येतो. आपल्या हवाई दलात ॲव्हरो नावाचं विमान आहे. मूळ ब्रिटिश विमान, जुळणी कानपूरला. पहिलं भारतीय ॲव्हरो १ नोव्हेंबर १९६१ रोजी उडालं. म्हणजे त्याची आणि माझी पिढी एकच! मी निवृत्त झालो, ॲव्हरो मात्र नोकरी करत राहिलं. प्रशिक्षण, कुरियर, वरिष्ठांचा प्रवास ही कामं त्याने इमानेइतबारे केली. पण लष्कराच्या दृष्टीने त्यात एक मोठी उणीव होती: मागे रॅम्प नाही. सामान बाजूच्या दारातून चढवायचं.

रॅम्प नसल्याने काय बिघडतं, ते सांगतो. रॅम्प असेल तर विमानाचा मागचा भाग खाली उघडतो. जीप सरळ आत जाते, मालाचे पॅलेट रोलरवरून ढकलता येतात, स्ट्रेचर आडवं नेता येतं, हवेतून रसद टाकता येते. रॅम्प नसेल तर प्रत्येक पेटी हाताने उचलायची. डोंगरातल्या धावपट्टीवर दुपारनंतर वारा सुटतो, ढग येतात. तिथे विमान जमिनीवर वीस मिनिटं थांबलं की तासभर, यावर दिवसाकाठी किती फेऱ्या होणार हे ठरतं. थोईसला सुट्टीवर निघालेले जवान बिस्तरा बांधून बसलेले असतात आणि सॉर्टी रद्द झाल्याची बातमी येते. कधी एक दिवस, कधी चार दिवस. घरी लग्न असतं, आई आजारी असते. मालवाहू विमानांची कमतरता खाली अशी जाणवते.

ॲव्हरोच्या जागी आता एअरबसचं सी-२९५ आलं आहे. दोन टर्बोप्रॉप इंजिनं, सुमारे ९ टन भार किंवा ७१ जवान, आणि मागे रॅम्प. कच्च्या आणि आखूड धावपट्टीवरही ते उतरतं. २४ सप्टेंबर २०२१ रोजी अशा ५६ विमानांचा करार झाला, किंमत सुमारे २१,९३५ कोटी रुपये. १६ विमानं स्पेनमधल्या सेव्हिल इथून तयार आली. उरलेली ४० वडोदऱ्याला टाटांच्या कारखान्यात बनणार आहेत. पहिलं विमान सप्टेंबर २०२३ मध्ये हवाई दलात दाखल झालं आणि ॲव्हरो उडवणाऱ्या वडोदऱ्याच्याच ११ स्क्वाड्रनकडे गेलं. सोळावं ऑगस्ट २०२५ मध्ये मिळालं. चाळिसावं भारतीय विमान ऑगस्ट २०३१ पर्यंत मिळावं, असं वेळापत्रक आहे.

हा प्रकल्प नागपूरला का आला नाही, यावर महाराष्ट्रात २०२२ मध्ये बरंच राजकारण झालं. मी त्यात पडत नाही. माझ्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही, की अख्खं लष्करी विमान देशात प्रथमच खाजगी उद्योग बनवतो आहे. ते नागपूरचं की वडोदऱ्याचं, हे चौकीवरचा जवान विचारत नाही.

पण मित्रांनो, टाळ्या वाजवण्याआधी तारखा पाहा. ॲव्हरो बदलायला संरक्षण खरेदी परिषदेची मंजुरी मिळाली जुलै २०१२ मध्ये. २०१३ मध्ये निविदा निघाल्या. प्रस्ताव आला एकच, एअरबस आणि टाटांचा. सार्वजनिक क्षेत्राला का वगळलं, असा आक्षेप सरकारमधूनच आला. एकच प्रस्ताव आहे तर पुढे जायचं का, हा दुसरा प्रश्न. मग किमतीची चर्चा. करार व्हायला २०२१ उजाडलं. मंजुरी ते करार नऊ वर्षं, मंजुरी ते पहिलं विमान अकरा वर्षं, मंजुरी ते शेवटचं विमान एकोणीस वर्षं. २०१२ मध्ये भरती झालेला जवान शेवटचं विमान येईपर्यंत पेन्शनवर गेलेला असेल!

यात चोरी झाली, असं मी म्हणत नाही. प्रत्येक टेबलावरच्या माणसाने आपला नियम पाळला. पण सगळे नियम पाळून जुनं विमान दहा वर्षं जास्त उडवलं, याचा हिशेब कोणत्याच फाइलमध्ये येत नाही.

आणि खरी परीक्षा पुढेच आहे. ती आहे एएन-३२ची. हे विमान १९८४ पासून आपल्याकडे आहे. भारताचे उष्ण मैदान आणि उंच डोंगर डोळ्यांसमोर ठेवून जास्त ताकदीची इंजिनं पंखाच्या वर बसवून ते बनवलं गेलं. लेह, थोईस, मेचुका, अंदमान, सगळीकडे तेच जातं. ३१ मे २००८ रोजी दौलत बेग ओल्डीच्या १६ हजार फुटांवरच्या धावपट्टीवर उतरलं, तेही एएन-३२. या विमानाचे उपकार लष्कर विसरणार नाही.

पण ते युक्रेनचं. २००९ मध्ये शंभराहून अधिक विमानांच्या आधुनिकीकरणाचा करार झाला. ४० विमानं तिकडे, बाकीची कानपूरला व्हायची होती. २०१४ मध्ये रशियाने क्रिमिया घेतला आणि सुट्या भागांचा पुरवठा अडखळला. २०२२ पासून तर तिथे उघड युद्ध आहे. रशियाबरोबर मिळून नवं मध्यम मालवाहू विमान बनवायची योजनाही होती. इंजिनावर आणि इतर बाबींवर मतभेद झाले आणि ती गुंडाळली गेली. दुसऱ्याच्या घरचं भांडण आपल्या विमानाला जमिनीवर बसवू शकतं, हा त्यातला धडा.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. जुलै २०१६ मध्ये चेन्नईहून पोर्ट ब्लेअरला निघालेलं एएन-३२ २९ जणांसह बेपत्ता झालं. समुद्रतळाशी त्याचे अवशेष सापडल्याचं कळायला जानेवारी २०२४ उजाडलं. जून २०१९ मध्ये जोरहाटहून मेचुकाला जाणारं एएन-३२ अरुणाचलच्या डोंगरात पडलं, १३ जण गेले, अवशेष सापडायला आठ दिवस लागले. विमान जुनं म्हणूनच प्रत्येक अपघात होतो, असं मी म्हणणार नाही. मार्च २०१४ मध्ये ग्वाल्हेरजवळ जवळजवळ नवं सी-१३०जे कोसळलं होतंच. हवामान, डोंगर, प्रशिक्षण यांचाही वाटा असतो. पण जुन्या विमानात सुरक्षेची शिल्लक कमी होत जाते, हे कोणताही तंत्रज्ञ सांगेल.

मग पुढचं विमान कसं असावं? डिसेंबर २०२२ मध्ये हवाई दलाने १८ ते ३० टन भार नेणाऱ्या विमानांची माहिती कंपन्यांकडून मागवली. १८ आणि ३० यांत फरक मोठा आहे. आपला नवा हलका रणगाडा झोरावर सुमारे २५ टनांचा आहे. सी-१३०जे साधारण २० टन नेतं. ब्राझीलचं सी-३९० कागदावर २६ टन, तर युरोपचं ए-४००एम ३७ टन. उंचावर हवा विरळ, त्यामुळे हे आकडे लेहला पोहोचेपर्यंत खाली येतात. मी कोणत्याही कंपनीची वकिली करत नाही. माझं म्हणणं एवढंच, की काय न्यायचं आहे हे आधी लष्कराने आणि हवाई दलाने एका टेबलावर बसून ठरवावं. विमान निवडून झाल्यावर त्यात काय मावतं ते बघण्यात अर्थ नाही.

तीन गोष्टी कराव्यात. एक, मंजुरीपासून करारापर्यंत कमाल मुदत ठरवावी आणि ती ओलांडली तर संसदेला कारण सांगावं. दोन, एकच प्रस्ताव आला तर काय करायचं, हे निविदा काढतानाच लिहून ठेवावं. तीन, देखभाल, सुटे भाग आणि शक्य तितक्या लवकर इंजिनाची दुरुस्ती देशात व्हावी. वडोदऱ्यात जुळणी झाली, पण इंजिन परदेशातूनच येणार असेल, तर युक्रेनचा धडा आपण अर्धाच शिकलो.

पुढच्या वेळी तुमचे खासदार भेटले, तर त्यांना रस्ता आणि पाण्याबरोबर हेही विचारा: एएन-३२ची जागा घेणारं विमान कधी येणार? हा प्रश्न दिल्लीतल्या तज्ज्ञांपुरता नाही. त्या विमानात सांगलीचा, साताऱ्याचा, बेळगावचा मुलगा बसलेला असतो. त्याने पोहोचल्याचा फोन करावा म्हणून घरात कोणीतरी जागं असतं.

तुमचे प्रश्न जरूर पाठवा.