बाईंची लुना सुरू करताना



संयोजकांनी मला आयटीतले अनुभव सांगायला उभं केलंय. ते सांगितले तर जेवणाआधीच निम्मा हॉल डुलक्या काढेल. त्याऐवजी गेल्या दिवाळीपासून दर दुसऱ्या शनिवारी मी गावात येऊन काय करत होते ते सांगते. शेवटी आपल्या बॅचच्या निधीबद्दल एक मागणी आहे, तीही मांडते.

विज्ञानाच्या बाईंची लुना तुम्हाला आठवत असेलच. नगरच्या कायनेटिकने १९७२ साली लुना आणली, बाईंची १९८८ची. आपल्या गावात बाईमाणसाने चालवलेली पहिली गाडी मला आठवते ती हीच. बाई निवृत्त झाल्यावर दोन वर्षांनी ती बंद पडली आणि सतरा वर्षं पडवीत गोणपाटाखाली होती. गेल्या वर्षी भंगारवाल्याशी बोलणंही झालं होतं. त्याआधी एका गॅरेजवाल्याने बघून सांगितलं होतं, प्लगला करंट नाही, मॅग्नेटची अख्खी प्लेट बदला, कॉइल बदला, वायरिंग नवीन करा, त्यापेक्षा सोडून द्या. मी म्हटलं, बाई, मला एकदा बघू द्या. बाई म्हणाल्या, "बघ. पण अंदाजाने काही बदलू नकोस."

हे वाक्य आपल्यापैकी काहींनी नववीत ऐकलंय. टेक्निकलचा तास तेव्हा फक्त मुलांना, आम्हाला शिवण. बाई शाळा सुटल्यावर आम्हा पाच-सहा जणींना प्रयोगशाळा उघडून द्यायच्या. बल्ब लागला नाही की "काय बिघडलं?" असं विचारायच्या नाहीत. "वीज कुठपर्यंत पोचली ते सांग," म्हणायच्या.

पेट्रोलची बाजू एका शनिवारी उरकली. टाकी धुतली, कार्ब्युरेटर उघडून साफ केला. खरी गंमत विजेची.

लुनाला बॅटरी नाही. इंजिनाबरोबर एक लोहचुंबकाचं चाक फिरतं, त्याच्या आत तांब्याच्या तारेची वेटोळी आहेत. एक ठिणगीसाठी, एक दिव्यासाठी. ठिणगीच्या वेटोळ्यातली वीज पॉइंट्समधून फिरत असते. ते नेमक्या क्षणी उघडतात, वीज एकदम तुटते आणि दुसऱ्या वेटोळ्यात हजारो व्होल्ट तयार होऊन प्लगवर उडी मारतात. पॉइंट्सच्या शेजारी अंगठ्याएवढा कंडेन्सर. पॉइंट्स उघडताना वीज त्यांच्याच फटीतून निसटू नये, हे त्याचं काम.

प्लगला खरंच करंट नव्हता. म्हणून आधी गाडीला जे जे लागत नाही ते सोडवलं. इंजिन बंद करायला कुणीतरी नंतर हॅंडलवर बटण बसवलं होतं. त्याची वायर मॅग्नेटपासून हॅंडलपर्यंत जाते आणि बटण दाबलं की ती चेसिसला टेकते, ठिणगी मरते. ती वायर मॅग्नेटपाशीच सुटी केली आणि पेडल मारलं. प्लगवर ठिणगी! पिवळट, मरतुकडी, पण ठिणगी. वायरचं रबर एका कडेला घासून गेलं होतं आणि ती कायमची चेसिसला चिकटलेली होती. म्हणजे त्या बटणाने गाडी वर्षानुवर्षं "बंद" करून ठेवली होती.

मात्र उघड्या हवेत प्लगवर ठिणगी दिसली म्हणजे झालं, असं नाही. सिलिंडरमध्ये दाबलेल्या हवेतून उडी मारायला जास्त व्होल्टेज लागतं. एका जुन्या प्लगचं बाहेरचं वाकडं टोक कापून मी पाच-सहा मिलिमीटरची फट केली. एवढी फट ओलांडली तर वीज दमदार. आमची ओलांडेना.

आता पॉइंट्स. इथे एक मजेशीर सापळा आहे. पॉइंट्सना नुसता मल्टिमीटर लावला तर ते उघडे असोत की मिटलेले, मीटर "जोडलेलं आहे" असंच सांगतो. कारण त्यांना समांतर ते वेटोळं आहे, त्याचा रोध अगदी कमी आणि मीटरची वीज तिकडून फिरून येते. आमच्या धंद्यात अशा चाचण्या ढिगाने असतात, काहीही मोडलं तरी हिरवा दिवा दाखवणाऱ्या. वेटोळ्याची वायर सोडवून मोजलं तेव्हा खरं कळलं. मिटलेल्या पॉइंट्सनी जवळजवळ शून्य दाखवायला हवं, तिथे चाळीस ओहम. सतरा वर्षांचं किटण. बारीक पॉलिश पेपर दोनदा फिरवला, मग पेट्रोलमध्ये भिजवलेलं पोस्टकार्ड ओढून घेतलं आणि फिलर गेजने ०.४ मिलिमीटरची फट लावली. चौथ्या पेडलला गाडी सुरू झाली. गल्लीतली पोरं जमली. बाई आतून चष्मा लावून आल्या.

बारा मिनिटांनी फटफट करून बंद. अर्ध्या तासाने पुन्हा सुरू, पुन्हा बारा-तेरा मिनिटं. गरम झाल्यावरच येणारा बिघाड सगळ्यात चिवट, कारण तपासायला बसेपर्यंत तो निघून गेलेला असतो. संशयित तीन: प्लग, हाय टेन्शन कॉइल, कंडेन्सर. बाईंनी वही आणली, रकाने आखले. वेळ, काय बदललं, काय दिसलं. एका वेळी एकच गोष्ट, आणि निरीक्षण लिहिल्याशिवाय पुढच्या स्क्रूला हात लावायची परवानगी नाही! नवा प्लग लावला, तरी बारा मिनिटं. मग गार इंजिन सुरू केल्याबरोबर बाईंनी केसांचा ड्रायर हातात धरून एकटी कॉइल तापवली. कॉइल हाताला चटका देऊ लागली तरी गाडी चालूच. कॉइल सुटली.

त्या संध्याकाळी पडवीतला दिवा मालवून आम्ही मॅग्नेटच्या चाकाच्या खिडकीतून पॉइंट्सकडे बघत बसलो. गार असताना तिथे जेमतेम चमक. दहाव्या मिनिटापासून निळसर-पांढऱ्या जाड ठिणग्या. वीज प्लगकडे जायची ती तिथेच निसटत होती. चाक पुलर लावून काढलं (हातोडीने काढणाऱ्यांना मी इथेच हात जोडते, दांड्याचे आटे जातात), कंडेन्सर बाहेर घेतला आणि मीटर लावला. गार: ०.२५ मायक्रोफॅरड, अगदी शहाण्यासारखा. ड्रायर धरला. आकडा घसरत ०.०६ वर आला आणि नाचायला लागला. बाईंनी वहीत तो आकडा लिहून खाली दोन रेघा मारल्या.

पुण्यात नाना पेठेतून दोन कंडेन्सर आणले. बसवण्याआधी मोजले, तर एक पाकिटातूनच मेलेला निघाला. तो जुन्या सवयीने सरळ लावला असता तर आम्ही पुन्हा कॉइलवर संशय घेतला असता. चांगला होता तो मॅग्नेटच्या आत न बसवता बाहेर, उष्णतेपासून लांब लावला. गाडी पाऊण तास चालली, मग बाईंनीच बंद करायला सांगितली.

दिव्यांचं थोडक्यात. हेडलाइटचा बल्ब सारखा उडत होता, कारण मागचा बल्ब गेलेला होता. बॅटरी नसलेल्या अशा गाडीत दोन्ही बल्ब मिळून ठरलेल्या वॉटचे लागतात. एक गेला की त्याच्या वाटची वीज दुसऱ्यावर येते. बाकी सगळी गंजलेली अर्थिंग. एक स्वतंत्र वायर ओढली, संपलं.

पूर्ण वायरिंग नाही, प्लेट नाही, कॉइल नाही. प्लग, एक कंडेन्सर, दोन बल्ब, हातभर वायर.

आता मागणी. निधीतून शाळेला मोठा डिजिटल फळा द्यायचा ठराव आज यायचा आहे. मी परवा प्रयोगशाळा बघून आले. गॅल्व्हानोमीटर कपाटात आहेत, कपाटाची किल्ली कुणाकडे आहे ते कुणालाच सांगता आलं नाही. नववीतल्या एका मुलीला मल्टिमीटर दाखवला, तिने तो यूट्यूबवर पाहिलेला होता, हातात कधी धरलेला नव्हता. फळा जरूर द्या, थोडा लहान द्या. उरलेल्या पैशांत दहा मल्टिमीटर आणि एक लोखंडी स्टँड होतो.

स्टँड लुनासाठी. रस्त्यावर काढायची तर नोंदणीचं नूतनीकरण लागेल, आणि बाईंना आता ती चालवायची नाही. त्यांनी ती शाळेला द्यायचं कबूल केलंय, एका अटीवर: मुलांपुढे ती चालू स्थितीत नाही, बिघडवून ठेवायची. घासलेली वायर, किटलेले पॉइंट्स आणि तो ०.०६चा कंडेन्सर मी डबीत जपून ठेवलाय. बाईंची वहीही मिळेल, पण ती शेवटी दाखवायची.

पुलर आणि फिलर गेज माझ्याकडून. दर महिन्याचा दुसरा शनिवार मी घेते. चौथा कोण घेतंय, ते जेवायला बसायच्या आत सांगा.