आधी ऐका, मग उघडा

सालवडमध्ये राहणाऱ्या माणसाला पंपाचा आवाज नवा नाही. शेजारी तारापूरची औद्योगिक वसाहत, तिथल्या बॉयलरना पाणी पुरवणारे पंप. वाड्यांतून विहिरींवर बसवलेले पंप. आणि आता बोईसरच्या बाजूला उभ्या राहिलेल्या चाळी-इमारतींच्या तळाशी, जिन्याखालच्या अंधाऱ्या कोपऱ्यातली ती एक हॉर्सपॉवरची 'मोटर'. ती चालू असेपर्यंत तिच्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही. बंद पडली की सगळी इमारत जिन्याखाली जमते आणि पहिलं वाक्य ठरलेलं असतं, 'मोटर जळली.'

माझी नोकरी कारखान्यांतले बॉयलर आणि पंप सांभाळण्यात गेली. त्या अनुभवावरून सांगतो, श्रोतेहो, मोटर जळण्याआधी बहुतेक वेळा दुसरंच काहीतरी बिघडलेलं असतं. ते वेळेवर ओळखलं तर मोटर वाचते. आज त्या ओळखण्याविषयीच बोलायचं आहे.

पंपाची कामं मुख्यतः दोन. एक, पाणी खालून वर चढवणं. दुसरं, पाणी फिरतं ठेवणं. हे दुसरं काम आपल्या घरांत फारसं दिसत नाही. आपल्या जुन्या घरांत तांब्याचा बंब असे. मधल्या नळीत विस्तव, भोवती पाणी. तापलेलं पाणी हलकं होऊन वर जायचं, थंड पाणी खाली यायचं. पाणी आपोआप फिरे. आज गच्चीवरचे सौर बंबही बहुधा याच तत्त्वावर चालतात. थंड देशांत मात्र घरातला बॉयलर पाणी तापवतो, ते नळ्यांतून खोल्याखोल्यांतल्या रेडिएटरमध्ये जातं, खोली उबदार करतं आणि परत बॉयलरकडे येतं. पूर्वी तिथेही जाडजूड नळ्यांतून हे पाणी बंबासारखंच आपसूक फिरायचं. पुढे विल्हेल्म ओप्लेंडर या जर्मन उद्योजकाने नळीतच बसणारा पाणी फिरवणारा पंप काढला, 1929 साली त्याचं पेटंट घेतलं. हा पंप दिसायला लहान, वीज साधारण छताच्या पंख्याइतकी किंवा त्याहून कमी खाणारा. त्याच्या आजच्या प्रकारात फिरणारा भाग पाण्यातच बुडालेला असतो आणि तेच पाणी त्याच्या बेअरिंगला वंगणाचं काम करतं.

या पंपाशी माझी गाठ पडली ती टेलिफोनवरून. माझा पुतण्या इंग्लंडमध्ये असतो. एका हिवाळ्यात त्याचा फोन आला, 'काका, बॉयलर पेटतो, पाच मिनिटांत बंद होतो, खोल्या गारठलेल्या आहेत.' घरात लहान मूल, बाहेर बर्फ. मी म्हटलं, 'काही उघडू नकोस. आधी बॉयलरमधून निघणाऱ्या नळीला जपून हात लाव.' बॉयलरजवळ नळी चटका देत होती, हातभर पुढे गार होती. म्हणजे उष्णता तयार होत होती, पण पुढे जात नव्हती. अडकलेलं पाणी अति तापलं की बॉयलर स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो. त्यामुळे दोष बॉयलरचा दिसत असला, तरी संशय पंपावर होता.

मग एकेक प्रश्न. पंपाच्या दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह उघडे आहेत का? होते. रेडिएटरमध्ये हवा साठली आहे का? वरच्या चावीतून हवा निघाली नाही, लगेच पाणी आलं. मग लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक पंपाला आणि मूठ कानाला लावून ऐकायला सांगितलं. आमच्या धंद्यातला हा स्टेथोस्कोप. बारीक गुणगुण येत होती. म्हणजे वीज पोचत होती, पण पंप फिरत नव्हता. वीज बंद करून, सगळं निवू देऊन त्याने पंपाच्या तोंडावरचा मधला मोठा स्क्रू काढला. थोडं पाणी ठिबकलं, ते अपेक्षितच होतं. आत दांड्याच्या टोकाला खाच असते. तिच्यात स्क्रूड्रायव्हर घालून फिरवल्यावर दांडा आधी अडला, मग सुटला. उन्हाळाभर पंप बंद राहिला होता, क्षार आणि गंजाने दांडा धरला होता. स्क्रू बसवला, वीज दिली आणि तासाभरात घर उबदार झालं.

आठवड्याने तीच तक्रार पुन्हा आली. तेव्हा मी सांगितलं, 'आता हात लावू नकोस, तज्ज्ञाला बोलाव.' रेडिएटर आतून गंजले की काळा गाळ तयार होतो आणि तो पंपात जाऊन बसतो. सगळ्या नळ्या धुऊन काढाव्या लागल्या. दांडा सोडवणं हा तात्पुरता उपाय होता, मूळ कारण गाळ होता. तसंच गॅसच्या भागाला तिथे परवानाधारक माणसाशिवाय कुणी हात लावायचा नसतो, आणि ते योग्यच आहे. गॅस नीट जळला नाही तर कार्बन मोनॉक्साइड हा वास नसलेला विषारी वायू घरात पसरतो.

आता आपल्या जिन्याखाली येऊ. क्रम तोच, आधी पाहणं आणि ऐकणं, उघडणं शेवटी.

बटण दाबल्यावर काहीच आवाज नाही, तर दोष विजेकडे. फ्यूज, स्विच, सैल झालेली वायर, टाकीतला फ्लोट स्विच. मोटर गरम होऊन बंद पडली असेल, तर निवेपर्यंत थांबा.

मोटर गुणगुणते पण फिरत नाही, तर ताबडतोब बंद करा. अडकलेली मोटर नेहमीच्या पाच-सहा पट वीज ओढते आणि काही मिनिटांत खरोखरच जळते. मुख्य स्विच बंद करून मागच्या पंख्याच्या बाजूने दांडा हाताने फिरतो का ते पाहावं. फिरत नसेल तर आत गंज किंवा कचरा आहे. आपल्याकडे समुद्राचा खारा वारा आणि कूपनलिकांचं क्षाराचं पाणी, त्यामुळे सुट्टीत महिनाभर बंद राहिलेली मोटर हटकून धरते. दांडा सहज फिरत असेल तर संशय कपॅसिटरवर. ही औषधाच्या बाटलीएवढी वस्तू तुलनेने स्वस्त असते, आणि तिच्यापायी चांगल्या मोटरी वाइंडिंगला जातात. मात्र वीज बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये भार उरतो, म्हणून तो बदलायचं काम जाणकाराचं.

मोटर छान फिरते, पण पाणी येत नाही, तर मोटरला दोष देऊ नका. पंपात हवा भरली आहे. हवा पाण्याच्या सुमारे आठशेपट हलकी. पंपाचं चाक कितीही जोरात फिरलं तरी हवेला फेकून खालचं पाणी वर ओढू शकत नाही. म्हणूनच पंपात आधी पाणी भरावं लागतं. रोज भरावं लागत असेल, तर खाली टाकीतला फूट व्हॉल्व्ह गळतो आहे. सालवडमधल्याच एका इमारतीत, ऐन मे महिन्यात, दुरुस्तीवाल्याने मोटर जळल्याचं सांगून वाइंडिंगचा खर्च काढला होता. मोटर सुरू केली तर आवाज स्वच्छ होता. फूट व्हॉल्व्हच्या झडपेत प्लॅस्टिकच्या पिशवीचा तुकडा अडकला होता. तो काढल्यावर संध्याकाळी वरची टाकी भरली.

आणखी एक गोष्ट. पंप पाणी ओढतो म्हणतात, पण खरं तर त्याला खालून ढकलतो तो हवेचा दाब. तो सुमारे दहा मीटरपर्यंतच पाणी चढवू शकतो, व्यवहारात सहा-सात मीटर. उन्हाळ्यात विहीर खाली गेली आणि वरचा पंप बंद पडल्यासारखा वाटला, तर पंप नव्हे, पाणी खोल गेलं आहे.

मोठ्या यंत्रांतही नियम हाच. कापडावर प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यांत गरम तेल फिरवून उष्णता देतात. तेल फिरवणारा पंप थांबला आणि भट्टी चालू राहिली, तर नळ्यांतलं तेल जळून कोळसा होतं. म्हणून तेलाचा प्रवाह कमी होताच भट्टी बंद व्हावी अशी सोय असते. शेजारच्या तारापूर अणुवीज केंद्राच्या 1969 साली सुरू झालेल्या पहिल्या दोन अणुभट्ट्या पाणी उकळणाऱ्या आहेत. तिथेही पाणी फिरवण्यासाठी पंप आहेत. उष्णता निर्माण करणं जेवढं महत्त्वाचं, तेवढंच ती वाहून नेणं.

शेवटी जिवाची गोष्ट. पंपाची जागा ओली, आणि ओल्या जागी वीज कुणालाही क्षमा करत नाही. मोटरच्या अंगाला मुंग्या आल्यासारखं जाणवलं, तर 'थोडा करंट येतो' म्हणून सोडून देऊ नका. मोटर बंद करा, अर्थिंग तपासून घ्या आणि 30 मिलिअँपिअरला तुटणारं गळतीरोधक स्विच बसवून घ्या. पावसाळ्यात जिन्याखाली पाणी साचलं असेल, तर त्या पाण्यात पाय घालण्याआधी मीटरजवळचा मुख्य स्विच बंद करा. आणि फूट व्हॉल्व्ह काढण्यासाठी बंद टाकीत किंवा जुन्या विहिरीत कुणाला उतरवू नका. तिथे प्राणवायू कमी असू शकतो, आणि पडलेल्याला काढायला उतरलेला माणूसही जातो. पाइप वर ओढून घ्या, तेवढाच वेळ जास्त लागेल.

पंपाशेजारी भिंतीवर एक कागद लावा. चांगला चालत असताना टाकी किती मिनिटांत भरते, शेवटची दुरुस्ती कधी झाली, काय बदललं, एवढं लिहा. वीस मिनिटांत भरणारी टाकी तिसावर गेली, की बिघाडाची सूचना मोटर बंद पडण्याच्या कितीतरी आधी मिळते. महिन्याभरासाठी गावाला जाताना शेजाऱ्यांना सांगून जा, आठवड्यातून एकदा, खालच्या टाकीत पाणी असल्याची खात्री करून, मोटर मिनिटभर चालवा. नवी मोटर घ्यायची वेळ त्यामुळे पुष्कळ लांबणीवर पडते.