पाहुण्याच्या हातातला पेला
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला बोलायला सांगितले तेव्हा विषय 'उन्हाळी पेये' असा दिला होता. मी म्हटले, बोलेन, पण एकाच पेयाविषयी, आणि ते कोणासाठी करायचे त्याविषयी. ज्यांनी प्रमाण लिहून घ्यायला वह्या आणल्या आहेत त्यांनी जरा धीर धरावा.

आपल्या सोलापुरात वैशाखात पारा 42-43 अंशांवर जातो. आल्यागेल्याला आधी पाण्याचा तांब्या, मग काहीतरी थंड, ही रीत आपल्याला कोणी शिकवायला नको. कैरीचे पन्हे, कोकम, वाळ्याचे पाणी, ताक सगळे आपल्या हातचे आहे. पण अलीकडे हळदीला, साखरपुड्याला घरात दोन तऱ्हेचा पाहुणचार होतो. खाली बायकामुलांना शरबत, आणि वर गच्चीवर पुरुषांची 'बैठक'. त्या जिन्याकडे आपण पाहत नाही. दिसत नाही असे नव्हे, पाहत नाही.

चार वर्षांपूर्वी माझ्या मुलाचा साखरपुडा होता. माझ्या धाकट्या दिरांनी दारू सोडून तेव्हा दीड वर्ष झाले होते. (हे मी त्यांना विचारूनच सांगते आहे.) वर बैठक जमली, तसे ते खाली स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "वहिनी, मला काही आहे का प्यायला?" माझ्या हाताशी मुलांसाठी केलेले शरबत होते. नारिंगी रंगाचे, बर्फ विरघळून कोमट झालेले. घाईघाईने तेच कागदी पेल्यात ओतून दिले. तेवढ्यात जिन्यावरून कोणीतरी ओरडले, "काय रे, बाळगुटी मिळाली वाटतं!" सगळे हसले. भाऊजीही हसले. पेला ओट्यावर ठेवला आणि वर गेले.

त्या रात्रीनंतरचे आठ महिने जाऊबाईंनी कसे काढले ते मी सांगत नाही, त्या इथेच बसल्या आहेत.

दोष शरबताचा नव्हता, असे भाऊजी स्वतःच म्हणतात, आणि ते खरे आहे. दारू सुटायला डॉक्टर लागतात, मनाचा निश्चय लागतो, त्याच वाटेने गेलेल्या माणसांची सोबत लागते. लिंबाच्या रसाने ती सुटत नाही. तरी तो ओट्यावरचा पेला माझ्या डोळ्यांपुढून गेला नाही. चांदीच्या वाटीत श्रीखंड वाढणारी मी, आणि न पिणाऱ्या माणसाला मी काय दिले, तर मुलांचे उरलेले!

आता कायदा म्हणाल तर 1949 साली मुंबई राज्यात दारूबंदीचा कायदा झाला. नाव बदलून तो आजही आहे, आणि दुकानेही आहेत. वस्तीतल्या निम्म्याहून अधिक बायकांनी मत दिले तर दुकानाची बाटली 'आडवी' करता येते. ज्या गावांतल्या बायकांनी ते केले त्यांना माझा नमस्कार. पण आपल्या घरातल्या गच्चीवर मतदान होत नाही. तिथे पाहुण्याच्या हातात काय द्यायचे ते आपणच ठरवतो.

एक गंमत सांगते. शरबत आणि शराब हे दोन्ही शब्द अरबीतल्या 'पिणे' या एकाच धातूतून आले आहेत. म्हणजे दोघी सख्ख्या बहिणी! एकीला गच्चीवर मान आणि दुसरीला कागदी पेला, हा न्याय कुठला? गुलाबाचे तर याहून हसू येते. फारसी 'गुलाब', म्हणजे गुलाबपाणी, अरबीत जाऊन 'जुलाब' झाले. तिथे ते गोड पेयाचे नाव होते. आपल्याकडे आल्यावर त्याचे काय झाले ते तुम्हाला ठाऊकच आहे. म्हणून मी आज गुलाब सोडून मोगरा घेतला आहे.

इंग्लंडात एल्डर नावाच्या झाडाची पांढरी फुले लिंबू-साखरेत भिजवून असेच पेय करतात. ती फुले आपल्याकडे कुठली? पण उन्हाळ्यात आपल्या कुंडीतला मोगरा काय कमी आहे?

तर प्रमाण. तीस पेल्यांसाठी एक किलो साखर, पाऊण लिटर पाणी, तीस कागदी लिंबे, साठ-सत्तर मोगऱ्याच्या कळ्या, आणि पाऊण लिटरच्या सात बाटल्या सोडा. कळ्या संध्याकाळी, उमलायच्या बेतात असताना तोडाव्या. मोगऱ्याचा वास रात्रीच सुटतो. हलक्या हाताने धुऊन, उकळून गार केलेल्या पाव लिटर पाण्यात घालून झाकून ठेवाव्या. सकाळी लगेच काढाव्या, नाहीतर काळ्या पडून पाण्याला कडवट वास येतो. उरलेल्या अर्ध्या लिटर पाण्यात साखर विरघळेपर्यंतच उकळी आणायची, तार नको. पाक पूर्ण गार झाल्यावर मोगऱ्याचे पाणी त्यात मिसळायचे. गरम पाकात घातलेत तर वास घरभर जाईल आणि पेल्यात काही उरणार नाही. मी पहिल्यांदा तेच केले होते.

फुले घरच्याच झाडाची हवीत. बाजारातल्या गजऱ्याच्या फुलांवर औषध मारलेले असते. आणि पांढरे दिसले म्हणून दुसरे कुठलेही फूल घालू नका. कण्हेर आणि धोतरा विषारी आहेत.

लिंबे आयत्या वेळी पिळावी, आणि सालीचा कडूपणा उतरेल इतकी दाबू नयेत. रस पितळेच्या भांड्यात ठेवू नये.

आता सोडा. गड्ड्याच्या जत्रेत गोटी फोडून प्यायलेला सोडा आठवतो ना? ती बाटली हायरम कॉड नावाच्या इंग्रजाने काढली आणि 1872 साली तिचे पेटंट घेतले. आतल्या वायूच्या दाबाने गोटी वर सरकून तोंडाच्या रबरी कड्यावर घट्ट बसते. म्हणजे तो वायू सारखा बाहेर पडायला बघत असतो, आणि पाणी गरम झाले की अधिकच. म्हणून बाटल्या अगदी गार हव्यात. पेल्यात आधी चाळीस मिलिलिटर पाक, एका लिंबाचा रस, चिमटीभर मीठ, बर्फ, आणि सर्वांत शेवटी पेला तिरपा धरून कडेने सोडा. वरून साखर टाकाल तर सगळा फेस टेबलावर! ज्यांना मधुमेह आहे त्यांच्यासाठी पाव वाटी मोगऱ्याचे पाणी साखर न घालता बाजूला काढून ठेवा. त्यांना लिंबू, मीठ आणि सोडा द्यावा, पण पेला तोच.

गेल्या मे महिन्यात पुतणीचे, म्हणजे भाऊजींच्याच मुलीचे, केळवण आमच्याकडे झाले. मी घरात एकच सांगितले, की वर-खाली काही नाही, सगळ्यांना एकच पेय, काचेच्या पेल्यात, वर एक उमललेले फूल. दोघेतिघे पुरुष जरा वेळ घुटमळले आणि एकजण लवकर निघूनही गेला. गेला तर गेला. पेले भाऊजी स्वतः भरत होते. बाळगुटी म्हणणारे गृहस्थही आले होते. त्यांनी दुसऱ्यांदा पेला पुढे केला तेव्हा भाऊजींनी काही न बोलता भरून दिला. मी असते तर बोलले असते.

मंडळाला माझी एक विनंती आहे. आपल्याकडे पातेली, पराती, सतरंज्या आहेत आणि त्या आपण कार्याला नेतो. त्यात काचेचे साठ पेले घालावेत. एका घराला साठ पेले परवडत नाहीत, आणि कागदी पेल्यात हे पेय मी देणार नाही. दोन डझन पेल्यांचे पैसे मी आजच देते.

प्रमाण कोणाचे राहिले असेल तर नंतर विचारा. आजचा पाक माझा आहे, पण सोडा ओतायला भाऊजी आले आहेत आणि मघापासून दारातून खुणा करत आहेत. बाटल्या उघडल्या आहेत म्हणे. तेव्हा अध्यक्षबाईंच्या परवानगीने मी इथेच थांबते.