तुम्ही घेतलीत का?

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी सोहळ्यात दुसऱ्या दिवशी सायंकाळी केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला विषय दिला होता, 'सोसायटीची पंचवीस वर्षे'. पण पाण्याची टाकी, पार्किंग आणि ए विंगची गळती यांवर माझ्यापेक्षा जास्त अधिकाराने बोलणारी मंडळी समोर बसली आहेत, आणि ती दर सर्वसाधारण सभेत बोलतातच. म्हणून मी पंचवीसपैकी एकाच वर्षाबद्दल बोलणार आहे. ते वर्ष २०२१. आणि त्यातही एकच गोष्ट: लस घ्यायची की नाही, हे आपण कसं ठरवलं?

मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं. जेन्नर, गाईच्या देवी, प्रतिपिंडं हे सगळं इतक्या वर्गांना शिकवलं की झोपेतही सांगेन. त्यामुळे सोसायटीत मला सगळे 'सर' म्हणतात. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढच्या गोष्टीत या 'सर' शब्दाचा मोठा वाटा आहे.

१६ जानेवारी २०२१ ला देशात लसीकरण सुरू झालं, आधी आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी. १ मार्चपासून साठीच्या पुढच्यांचा नंबर लागला. म्हणजे माझाही. मी गेलो नाही. का, तर म्हटलं, आधी चार जणांना घेऊ दे, बघू काय होतं ते.

सी विंगमधल्या भजनी मंडळाच्या बायकांनी मात्र वाट पाहिली नाही. पहिल्याच आठवड्यात पाच जणी दोन रिक्षा करून महापालिकेच्या केंद्रावर गेल्या. संध्याकाळी बागेतल्या बाकावर बसून 'दंड दुखतोय गं' एवढंच सांगत होत्या. दुसऱ्या दिवशी एकीला ताप आला, तिसऱ्या दिवशी ती पुन्हा बाकावर हजर. झालं! महिनाभरात सी विंगमधले बहुतेक सगळे ज्येष्ठ लस घेऊन आले. त्यांना कुणी शास्त्र समजावलं नव्हतं. त्यांनी बाकावरची बाई पाहिली होती.

आमच्या बी विंगमध्ये बाक नव्हता, ग्रुप होता. मार्चच्या मध्याला युरोपातल्या काही देशांनी अ‍ॅस्ट्राझेनेकाची लस तात्पुरती थांबवली. काही जणांच्या रक्तात गुठळ्या झाल्याचं आढळलं होतं. पुण्यात तयार होणारी आपली कोविशिल्ड तीच लस. बातमी खरी होती. मी ती ग्रुपवर टाकली आणि खाली लिहिलं, 'विचारपूर्वक निर्णय घ्यावा.' १८ मार्चला युरोपच्या औषध नियामक संस्थेने सांगितलं की, लसीचा फायदा धोक्यापेक्षा जास्त आहे. तीही बातमी खरी होती. ती मी वाचली. पण ग्रुपवर टाकली नाही. भीतीची बातमी पुढे पाठवायला बोट जसं शिवशिवतं, तसं धीराच्या बातमीला शिवशिवत नाही.

माझे कॅरमचे जोडीदार तुम्हा सगळ्यांना आठवत असतील. वहिनी इथे बसल्या आहेत, त्यांना विचारूनच मी हे बोलतोय. त्यांना मधुमेह होता. त्या आठवड्यात त्यांनी मला जिन्यात विचारलं, "सर, तुम्ही घेतलीत का?" मी म्हटलं, "अजून नाही. थांबू की पंधरा दिवस." ते म्हणाले, "मग मीही थांबतो."

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांना ताप आला. तेव्हाचे दिवस आठवा. ऑक्सिजन, रेमडेसिव्हिर, बेड, प्रत्येक गोष्टीसाठी फोनावर फोन. मे महिना लागला आणि ते गेले. शेवटच्या प्रवासाला आपल्यापैकी कुणालाही जाता आलं नाही.

लस घेतली असती तर ते नक्की वाचले असते, असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. एका डोसाने पूर्ण संरक्षण मिळतं असं तेव्हाही कुणी म्हणत नव्हतं. पण त्यांनी डॉक्टरांना विचारलं नाही, मला विचारलं. आणि माझ्या उत्तरात शास्त्र नव्हतं, फक्त माझी भीती होती. ते दवाखान्यात असताना मी गुपचूप जाऊन लस घेऊन आलो. ग्रुपवर तेही सांगितलं नाही.

नंतर मी या विषयाचं पुष्कळ वाचलं. आपलीच माणसं याआधी काय करत होती ते पाहिलं. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. हाफकिन नावाचा शास्त्रज्ञ ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या एका छोट्या खोलीत लस तयार करत होता. १० जानेवारी १८९७ ला त्याने ती आधी स्वतःला टोचून घेतली. पुढे आगाखानांनी आपल्या अनुयायांसमोर टोचून घेतली, तेव्हा त्यांच्या समाजातली भीती कमी झाली. उलट त्याच वर्षी पुण्यात प्लेग आटोक्यात आणायला सरकारने सैनिक घरात घुसवले, सामान बाहेर काढलं, माणसं ओढून नेली. त्यातून काय संताप उसळला ते आपण इतिहासात शिकलो आहोत. रोग तोच, साल तेच. पण एका ठिकाणी आपला माणूस पुढे झाला आणि दुसऱ्या ठिकाणी दांडगाई झाली. दांडगाईने आलेल्या औषधावर लोक विश्वास ठेवत नाहीत. हाफकिनची ती प्रयोगशाळा आज परळला त्याच्याच नावाने उभी आहे.

आपल्या आजीच्या काळात लस टोचण्याला 'देवी काढणं' म्हणत. रोगालाही देवी आणि लशीलाही देवी! सुरुवातीला लोक मुलं लपवून ठेवत. पण गावात ज्याच्या दंडावर ते गोल व्रण होते ती मुलं साथीत जगलेली दिसली, आणि मग आया स्वतःहून मुलं घेऊन आल्या. माझ्या वयाच्या सगळ्यांच्या दंडावर तो व्रण आहे. बघा बाही वर करून.

पुन्हा सोसायटीकडे येतो. जूनमध्ये आपण इथे शिबिर घ्यायचं ठरवलं आणि तेवढ्यात कांदिवलीची बातमी आली. तिथल्या एका सोसायटीत ३० मे रोजी ३९० जणांना बनावट शिबिरात लस दिली गेली होती. आपल्याकडे नोंदवलेली निम्मी नावं एका रात्रीत मागे घेतली गेली. त्या लोकांना मी दोष देत नाही, त्यांची शंका रास्त होती. तेव्हा आपल्या सेक्रेटरींनी कुणाला अडाणी म्हटलं नाही. दोन सभासद रुग्णालयात जाऊन पत्र आणि परवानगी स्वतः पाहून आले. शिबिराच्या दिवशी प्रत्येक कुपी सगळ्यांसमोर उघडली, तिचा बॅच नंबर मोठ्याने वाचला, आणि कोविनचा मेसेज आल्याशिवाय कुणी जागचं हलायचं नाही असं ठरलं. दुपारपर्यंत मागे घेतलेली बरीचशी नावं परत आली. त्याच सुमारास नाशिकचा चमचे चिकटण्याचा व्हिडिओ फिरत होता. आपल्या मुलांनी लस न घेतलेल्या वॉचमनकाकांच्या घामट दंडाला चमचा चिकटवून दाखवला, मग पावडर लावली, चमचा खाली! त्या हशाने जे काम केलं ते माझ्या भाषणाने झालं नसतं.

एक गोष्ट मात्र आपल्याला शोभली नाही. 'सर्टिफिकेट दाखवा, मगच गेटच्या आत' असा नियम आपण घरकामाच्या मावशींना लावला. पण मोबाईलवर नोंदणी, ओटीपी, पहाटे उघडणारे स्लॉट, हे त्यांनी कसं करायचं याचा विचार केला नाही. त्या नाही म्हणत होत्या असं आपण समजत होतो. खरं तर त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. शेवटी कॉलेजची मुलं लॅपटॉप घेऊन गेटपाशी बसली आणि एका रविवारी सगळ्यांची नोंदणी झाली. १५ ऑगस्टपासून दोन डोसवाल्यांना लोकल खुली झाली, तेव्हा तर उरलेसुरलेही धावत गेले. लोकलच्या पासाने जे साधलं ते उपदेशाने साधलं नसतं, हेही मान्य करायला हवं!

मित्रहो, आपण एकमेकांकडे बघून ठरवतो. यात लाज वाटण्यासारखं काही नाही, माणूस असाच आहे. मात्र आपल्याकडेही कुणीतरी बघत असतं, हे मी विसरलो होतो. तेव्हापासून मी आरोग्याचा एकही मेसेज पुढे पाठवत नाही. कुणी विचारलं तर 'मला माहीत नाही, डॉक्टरांना विचारू या, मी येतो बरोबर' एवढंच म्हणतो. आणि स्वतः काय केलं ते लपवत नाही.

क्लबरूममधला कॅरम बोर्ड वहिनींनी सोसायटीला दिला आहे. रोज संध्याकाळी साडेसहाला मी तिथे असतो. एक जोडीदार कमी आहे, कुणीही या.

सोसायटीला रौप्यमहोत्सवाच्या मनापासून शुभेच्छा.