दुभत्याचे गणित

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



आजच्या संमेलनात दुग्धव्यवसायावर चार शब्द बोलण्याची आज्ञा चिटणिसांनी मला केली, तेव्हा मी प्रथम संकोचलो. मी जुन्या अकरावीचा मॅट्रिक. सबंध आयुष्य मुलांना अंकगणित आणि शुद्धलेखन शिकविण्यात गेले. पशुवैद्यकाची पदवी मजजवळ नाही. परंतु २०१७ साली सेवानिवृत्त झाल्यावर आमच्या सातारा जिल्ह्यातील गावी मी गोठा घातला, त्यात चांगलीच ठेच खाल्ली आणि त्या ठेचेतून जे शिकलो तेवढेच आज आपणापुढे ठेवणार आहे.

दूध विकण्याची अडचण आता आपल्या वडिलांच्या काळाइतकी राहिलेली नाही. १९४६ साली गुजरातेत आणंद येथे उत्पादकांनी आपला संघ उभा केला. १९६३ साली कोल्हापूर जिल्ह्याचा दूधसंघ स्थापन झाला. १९६७ साली मणिभाई देसाई यांनी उरुळीकांचन येथे संकरित गाईंचे कार्य आरंभिले. १९७० पासून दूधमहापूर योजना देशभर पसरली. आज दूध संकलनाची गाडी अनेक खेड्यांच्या वेशीपर्यंत येते. असे असूनही आपल्याच ज्ञातीतील कितीतरी होतकरू तरुण कर्ज काढून गाय आणतात आणि दोन-तीन वर्षांत दावण रिकामी करून बसतात. ते दोष देतात दराला. दराचे दुःख खरे आहे, मी ते नाकारीत नाही. परंतु दर ठरविणे आपल्या हाती नाही आणि गोठा मात्र सर्वस्वी आपल्या हाती आहे. म्हणून मी गोठ्याविषयीच बोलतो.

माझे सांगणे एका वाक्याचे आहे: दूध हे धार काढताना मिळते खरे, पण ते ठरते त्याच्या कितीतरी आधी. ते कसे, हे फळ्यावर मांडावे तसे मांडून दाखवितो.

वर्षाचे दिवस ३६५. गाय गाभण राहते सुमारे २८० दिवस. बाकी उरतात ८५. म्हणजे वर्षाला एक वासरू मिळावयाचे असेल, तर व्याल्यापासून ८५ दिवसांच्या आत गाय पुन्हा गाभण राहिली पाहिजे. आता दुसरी वजाबाकी. पुढच्या वेतापूर्वी गाईला ६० दिवस विश्रांती हवी. ३६५ मधून ६० गेले, राहिले ३०५. एवढेच तिचे दूध देण्याचे दिवस. (म्हशीचा गाभणकाळ सुमारे ३१० दिवसांचा असल्यामुळे तिचे गणित थोडे लांबते.) या दोन वजाबाक्या ज्याला कळल्या, त्याला निम्मा दुग्धव्यवसाय कळला असे मी समजतो.

आता त्या ८५ दिवसांकडे पाहू. व्याल्यानंतर पहिले दीड-दोन महिने गर्भाशय पूर्ववत् होण्यात जातात. पुढे माज येतो तो सुमारे दर २१ दिवसांनी आणि टिकतो जेमतेम १२ ते १८ तास. म्हणजे आपल्या हाती एक, फार तर दोन संधी. गाय हंबरते, अस्वस्थ होते, दूध कमी देते, काचेसारखा स्वच्छ सोट टाकते, दुसरी गाय अंगावर चढली तर स्थिर उभी राहते. पुष्कळ वेळा ही लक्षणे रात्री किंवा पहाटे दिसतात आणि आपण झोपेत असतो. म्हशीत तर मुका माज फार. म्हणून निजण्यापूर्वी आणि उजाडताच गोठ्यात एक फेरी अवश्य मारावी. सकाळी माज दिसला तर सायंकाळी भरवावे, सायंकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. एक माज चुकला की २१ दिवस गेले, आणि ते २१ दिवस गाय काही उपाशी राहत नाही. तिची वैरण चालूच असते.

मंडळी, हे गणित मी पुस्तकातून शिकलो नाही. २०१७ च्या जूनमध्ये निवृत्तीच्या पैशातून मी नुकतीच व्यालेली, दुसऱ्या वेताची एक जर्सी संकरित गाय घेतली. ऑगस्टअखेर ती पुन्हा गाभण राहावयाची, ती राहिली दुसऱ्या वर्षीच्या मार्चमध्ये. सहा महिन्यांत आठ-नऊ माज मी हातचे घालविले. चाळीस वर्षे मुलांच्या हजेरीत एका दिवसाचा खाडा पडू न देणाऱ्या मास्तराने गाईची हजेरी मात्र मांडली नव्हती! तारखेची नोंदच नाही, तर एकविसावा दिवस कोठून मोजणार?

आता खुराकाविषयी. गाईला रोज हिरवी वैरण पंधरा ते वीस किलो आणि कोरडी पाच-सहा किलो, कुट्टी करून द्यावी. आंबोण देताना प्रथम शरीरपोषणासाठी एक ते दीड किलो आणि त्यावर गाईस दर अडीच लिटर दुधामागे एक किलो, म्हशीस दर दोन लिटरमागे एक किलो, असा हिशेब धरावा. दहा लिटर देणाऱ्या गाईस चार आणि दीड, मिळून साडेपाच किलो. पाच लिटरवालीला आणि पंधरा लिटरवालीला एकाच मापाने आंबोण घालणे म्हणजे पहिलीतल्या आणि सातवीतल्या मुलाला एकच पुस्तक देणे होय. रोज तीस ते पन्नास ग्रॅम खनिजमिश्रण विसरू नये. आमच्या ऊसपट्ट्यात वाढे फुकट मिळतात म्हणून गव्हाण त्यांनीच भरण्याची रीत आहे. परंतु वाढ्यांतील ऑक्झलेट आहारातील कॅल्शियम बांधून टाकते. वाढे थोडे घालावे, सोबत मका, ज्वारीचा कडबा आणि लसूणघास असावा. पावसाळ्यातील जादा मक्याचा मुरघास केला तर उन्हाळा सुखाचा जातो.

आणि पाणी! दुधात शंभरातले सत्त्याऐंशी भाग पाणीच असते. एक लिटर दुधामागे चार-पाच लिटर पाणी तिला प्यावे लागते. दिवसातून दोनदा बादली दाखविणारा मनुष्य दूध वाढत नाही म्हणून पेंडीला दोष देतो, याला काय म्हणावे? पाणी गाईसमोर अष्टौप्रहर असावे. मुक्त संचार गोठ्यात ती आपल्या मर्जीने पिते, फिरते, सावलीत बसते. त्याला खर्च थोडा, लाभ फार.

धार काढण्याची वेळ रोज एकच असावी. कास धुऊन पुसली की गाय पान्हा सोडते आणि तो पाच-सात मिनिटेच टिकतो. तेवढ्यात पूर्ण मुठीने दूध काढावे. अंगठा दुमडून सड ओढण्याची वाईट खोड सोडावी. पहिल्या धारा काळ्या भांड्यात काढून पाहाव्या. गाठी किंवा पाण्यासारखे दूध दिसले तर कासदाह समजून त्याच दिवशी पशुवैद्याला बोलवावे. धार झाल्यावर सड जंतुनाशकात बुडवावेत आणि गाईपुढे वैरण टाकावी, म्हणजे ती अर्धा तास उभी राहील. सडाचे तोंड तेवढा वेळ उघडे असते. लगेच शेणात बसली तर रोगाला वाटच मिळाली. लाळ्या-खुरकताची लस दर सहा महिन्यांनी टोचावी. २०२२ साली लम्पीने गावोगावच्या गोठ्यांत काय केले ते आपण पाहिलेच आहे.

वासराविषयी एकच सांगतो. वार पडेपर्यंत त्याला चीक पाजू नये असा समज अजूनही आढळतो, तो घातक आहे. जन्मल्यापासून तासा-दोन तासांत त्याला चीक मिळालाच पाहिजे आणि पहिल्या दिवसात त्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका. तीस किलोच्या वासराला तीन लिटर. शेजारी खरवसाच्या वाट्या अवश्य धाडाव्या, पण वासराचे पोट भरल्यानंतर.

आता शेवटचे आणि माझ्या दृष्टीने सर्वांत कठीण. भाकड गाय दूध देत नाही म्हणून तिचे आंबोण तोडण्याची आपल्याकडे सर्रास पद्धत आहे. वस्तुतः त्याच साठ दिवसांत पोटातले वासरू वाढते, कास नवी होते आणि पुढच्या ३०५ दिवसांचे दूध ठरते. तिला रोज दीड-दोन किलो आंबोण द्यावेच. शेवटच्या दोन-तीन आठवड्यांतील खनिजांविषयी मात्र पशुवैद्याचा सल्ला घ्यावा. आणि व्याल्यानंतरचे दोन-तीन दिवस डोळ्यांत तेल घालून पहारा करावा.

२०१८ च्या डिसेंबरात आमची गाय तिसऱ्या वेताला व्याली. कालवड झाली. दुसऱ्या दिवशी सायंकाळी गाय डळमळू लागली. आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, हिचे कान गार लागतात, डॉक्टरांना आत्ताच बोलवा." मी म्हणालो, "थंडीचे दिवस आहेत, गार लागायचेच." रात्री गाय बसली ती उठेना. मान वळवून कुशीवर टाकलेली. मी घोंगड्या घातल्या, शेकोटी केली आणि गूळ-सुंठीचा काढा नळीने तिच्या घशात ओतला. सकाळी पशुवैद्य आले. ते म्हणाले, "गुरुजी, हा दुग्धज्वर. नाव ज्वर असले तरी अंग थंड पडते. चिकाबरोबर रक्तातले कॅल्शियम एकाएकी उतरले. काल शिरेतून कॅल्शियम दिले असते तर गाय बहुधा उठली असती. पण बसलेल्या गाईला गिळता येत नसते; तुमचा काढा फुफ्फुसात गेला आहे." दुपारी गाय गेली.

मी हे कोणाच्या सहानुभूतीसाठी सांगत नाही. थंडीने नव्हे, दुग्धज्वराने नव्हे, माझ्या अर्धवट ज्ञानाने ती गेली, ही गोष्ट मी इतकी वर्षे मोकळेपणी बोललो नव्हतो. गाईच्या अंगावरून रोज हात फिरविणाऱ्या घरातील बाईला जे कळले होते, ते घरातील शिकलेल्या पुरुषाने ऐकून घेतले नाही. आपल्या कित्येक घरी शेण-वैरण-धार स्त्रिया करतात, आणि गाय घ्यावी केव्हा, डॉक्टर बोलवावा केव्हा, दुधाचा पगार कोणाच्या हाती यावा हे पुरुष ठरवितात. या रीतीत केवळ अन्याय नाही, नुकसानही आहे.

म्हणून ज्ञातिबंधूंना माझी दोनच मागणी आहेत. गोठ्याच्या खांबाला एक वही टांगा. तीत व्याल्याची, माजाची, भरविल्याची, आटविल्याची आणि लसीची तारीख लिहा. रोजचे दूध आणि आंबोण लिहा. आणि ती वही व दुधाचे खाते घरातील गृहिणीच्या नावे करा. आमच्या घरी २०१९ पासून हे चालू आहे. त्याच कालवडीची पुढे गाय झाली. तिच्या पहिल्या माजाची नोंद सौभाग्यवतींच्या अक्षरात आहे, आणि त्यांचे शुद्धलेखन तपासण्याचे धाडस मी अद्याप केलेले नाही.