जोडीदाराचा कामाचा परवाना : आधी कागद वाचा, मग कर्ज काढा

(शाखेच्या सर्वसाधारण सभेत सेक्रेटरींनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



रिक्त पदे, ठेकेदारी आणि पेन्शन या विषयांवर माझ्या आधीचे वक्ते बोलले आहेत. मी आज घरचा विषय घेतो. युनियनच्या ऑफिसात हल्ली क्रेडिट सोसायटीच्या कर्जाचे आणि पी.एफ.मधून रक्कम काढण्याचे अर्ज घेऊन साथी येतात. कारण विचारले की सांगतात, "जावई कॅनडात कामाला आहे, आता मुलीला पाठवायचे. एजंट म्हणतो, गेल्या गेल्या तिलाही कामाचा परवाना मिळेल." मी विचारतो, जावयाच्या परवान्याची मुदत किती उरली? त्याचे काम कोणत्या श्रेणीत येते? उत्तर येत नाही. म्हणून हे चार शब्द.

कामगार हवा, पण त्याचे कुटुंब नको, ही मालकशाहीची जुनी रीत आहे. कॅनडाची पहिली आरपार रेल्वे, कॅनेडियन पॅसिफिक, १८८५ साली पुरी झाली. पश्चिमेच्या डोंगरातला सर्वांत धोक्याचा भाग सुमारे १५ हजार चिनी मजुरांनी बांधला. सुरुंग, दरडी आणि रोगराई यांत शेकडो मेले. त्याच १८८५ साली सरकारने येणाऱ्या प्रत्येक चिनी माणसावर ५० डॉलर डोईपट्टी बसवली. १९०३ मध्ये ती ५०० डॉलर केली. मजुराने बायकोला आणायचे कुठून? १९२३ ते १९४७ तर दार जवळजवळ बंदच होते. आपल्या पंजाबी बांधवांचीही तीच गत झाली. १९०८ च्या नियमाने हिंदी माणसाची वाट अडवली आणि बायकामुलांना आणण्याची मोकळीक मिळायला १९१९ उजाडले. रूळ टाकणाऱ्या गँगमनचे दुःख आपल्याला कोणी शिकवायला नको.

आता आजचा नियम. कॅनडात परक्या कामगाराला मिळणारा परवाना बहुधा एकाच मालकाशी बांधलेला असतो. मालक सोडला तर काम गेले. आपल्याकडे ठेकेदाराच्या गेटपासवर राबणाऱ्या कामगारासारखीच ही अवस्था. संयुक्त राष्ट्रांचे विशेष प्रतिवेदक तोमोया ओबोकाता यांनी २०२३ साली कॅनडाला भेट देऊन या पद्धतीवर कडक टीका केली होती. जोडीदाराला मिळणारा परवाना मात्र खुला असतो. त्यावर एका मालकाचे नाव नसते, काम बदलता येते. म्हणूनच त्याला एवढी मागणी.

जानेवारी २०२३ मध्ये सरकारने हे दार रुंद केले होते. २१ जानेवारी २०२५ पासून ते पुन्हा अरुंद केले. कॅनडात कामांच्या श्रेणी पाडलेल्या आहेत, त्यांना 'टियर' म्हणतात. शून्य आणि एक या श्रेणीत व्यवस्थापक, इंजिनिअर, नर्स अशी कामे येतात. त्यांच्या जोडीदाराला अर्ज करता येतो. दोन आणि तीन या श्रेणीतली सगळी कामे चालत नाहीत. बांधकाम, आरोग्य, शिक्षण, नैसर्गिक साधनसंपत्ती अशा क्षेत्रांतील यादीत दिलेलीच चालतात. शेतमजुरी, साफसफाई, खानावळीतल्या काउंटरची नोकरी ही चार आणि पाच श्रेणीतली कामे. त्यांच्या जोडीदाराला या वाटेने परवाना नाही. दुसरी अट मुदतीची. जोडीदार अर्ज करील त्या दिवशी मूळ कामगाराच्या परवान्याचे किमान १६ महिने शिल्लक हवेत. शिवाय कामगाराच्या मुलांना या योजनेत आता परवाना मिळत नाही. कायम वास्तव्याच्या मार्गावर असलेल्यांचे आणि व्यापार कराराखाली गेलेल्यांचे नियम वेगळे आहेत.

शिकायला गेलेल्या विद्यार्थ्याच्या जोडीदाराचेही तसेच. पीएच.डी., १६ महिने किंवा त्याहून मोठा मास्टर्सचा अभ्यासक्रम आणि काही ठरावीक व्यावसायिक पदव्या एवढ्यांनाच ती सवलत राहिली. साध्या डिप्लोमाला जाणाऱ्या मुलाशी लग्न लावून "सुनेलाही काम मिळेल" असे कोणी सांगत असेल तर तो जुना कायदा विकतो आहे.

आणि जोडीदार म्हणजे बायकोच असे नाही. आपली मुलगी नर्स म्हणून गेली तर जावयाने अर्ज करायचा. त्यात कमीपणा कसला?

कागदांचे सांगतो. विवाह नोंदणीचा दाखला, कामगाराच्या परवान्याची प्रत, मालकाचे पत्र, अलीकडच्या पगाराच्या स्लिपा आणि पासपोर्ट एवढे आधी जमवा. आपल्याकडे खोळंबा होतो तो नावात. शाळेच्या दाखल्यावर माहेरचे नाव, आधारवर सासरचे, पासपोर्टवर तिसरेच. महाराष्ट्रात १९९८ च्या अधिनियमाप्रमाणे विवाह नोंदणी होते. लग्नाच्याच आठवड्यात ती उरका आणि नावे जुळवून घ्या. सर्व्हिस बुकातली जन्मतारीख चुकली की रिटायरमेंटला काय हाल होतात हे आपण जाणतोच.

सरकारी फी किती? २०२५ साली परवान्याचे १५५ डॉलर, खुल्या परवान्याचे आणखी १०० आणि बोटांचे ठसे व फोटो यांचे ८५, असे एकूण ३४० कॅनडाचे डॉलर. रुपयांत वीस-बावीस हजार होतात. वैद्यकीय तपासणी लागली तर तिचा खर्च वेगळा. आता या शेजारी एजंटचे काही लाख मांडून बघा. फी घेऊन सल्ला देण्याचा अधिकार तिथल्या वकिलांना आणि तिथल्या सल्लागार कॉलेजचे लायसन असलेल्यांनाच आहे. लायसन नंबर विचारा आणि त्यांच्या यादीत ताडून बघा. मालकाने कामगार आणण्यासाठी काढलेल्या मंजुरीचे पैसे कामगाराकडून घेणे तिथे बेकायदा आहे. जो ते मागतो तो पहिल्याच पायरीवर खोटा आहे.

एक गोष्ट आईबापांनी नीट ध्यानात ठेवावी. जोडीदाराचा परवाना मूळ कामगाराच्या मुदतीपलीकडे जात नाही. त्याची मुदत संपली की तिचीही संपते. परवाना हातात पडण्याआधी एक दिवसही काम करायचे नाही. मुदत संपण्याआधीच वाढीचा अर्ज केला, तर निकाल लागेपर्यंत देश न सोडता त्याच अटींवर काम करता येते. उशीर झाला तर नाही.

आणि नवऱ्याने मारहाण केली तर "तुझा परवाना माझ्या हातात आहे" ही धमकी ऐकून मुलीने गप्प बसू नये. कौटुंबिक अत्याचार सोसणाऱ्यांसाठी २०१९ पासून तिथे तात्पुरत्या वास्तव्याची वेगळी परवानगी आहे आणि पहिल्या अर्जाला फी नाही. मालकाकडून छळ होणाऱ्या बांधील कामगारालाही २०१९ पासूनच खुला परवाना मागता येतो. हे मुलीला विमानात बसण्याआधी सांगा. पासपोर्ट तिचा तिच्याजवळ राहू द्या आणि प्रत तुमच्याजवळ ठेवा.

मी कोणाला जाऊ नका म्हणत नाही. आपणही गाव सोडून इटारसी, नागपूर, सिकंदराबाद असे फिरलोच. पण आपल्याला बदलीबरोबर क्वार्टर आणि कुटुंबाचा पास मिळतो, तो कोणाची मेहेरबानी म्हणून नाही. आपल्या आधीच्या पिढीने झगडून तो मिळवला. कामगार म्हणजे नुसते दोन हात नव्हेत, त्याला घर आहे, हे सरकारला कबूल करायला लावले. परदेशात गेलेल्या आपल्या पोरांचा हाच हक्क अजून कच्चा आहे. सरकारच्या एका परिपत्रकाने तो येतो आणि दुसऱ्याने जातो.

म्हणून माझी सूचना अशी. परदेशी जाण्यासाठी कर्ज किंवा पी.एफ.चा अर्ज करणाऱ्या साथीने आधी आपले कागद शाखेत आणावेत. आपल्यातले इंग्रजी जाणणारे चार तरुण ते अधिकृत नियमांशी ताडून बघतील. त्याला फी नाही. दुसरे, आपल्या फेडरेशनने तिथल्या कामगार संघटनांकडे हा प्रश्न मांडावा, की कोणत्याही श्रेणीचा कामगार असो, त्याच्या जोडीदाराला कामाचा हक्क हवा. साफसफाई करणाऱ्याची बायको इंजिनिअरच्या बायकोपेक्षा कमी बायको नाही.

हा ठराव आपण हात वर करून मंजूर करावा अशी विनंती करतो आणि माझे दोन शब्द संपवतो.

कामगार एकजुटीचा विजय असो!