गावपळणीत कॅमेरा 'ऑटो'वर

श्री देव रामेश्वराचा कौल मिळाला, की आचरा गाव 3 दिवस, 3 रात्री वेशीबाहेर झोपड्यांत: हीच गावपळण. गुरं, कोंबड्यासुद्धा सोबत! फोटो काढणाऱ्यांची चंगळच.

मात्र सगळं 'ऑटो'वर सोडू नये. भर उन्हात चकाकत्या पुळणीवर कॅमेऱ्याचं मीटर फसतं. पांढुरकी वाळू त्याला मध्यम करडी करायची असते, म्हणून ते उजेड तोडतं आणि माणसं काळवंडतात. 'बीच' मोड ही चूक सावरतो. तो नसेल तर एक्स्पोजर +1 करावं.

रात्री झोपडीसमोर भजन रंगलं, की 'नाइट पोर्ट्रेट'. फ्लॅश चेहरा उजळवतो, शटर रेंगाळून मागच्या कंदिलाचा उजेडही घेतं. ट्रायपॉड नसल्यास कॅमेरा दगडावर टेकवावा.

धावत्या पोरांसाठी 'स्पोर्ट्स': शटर झटकन मिटतं, पाय धूसर होत नाहीत.